सोलापुरात बसून आखलेली तरंगती वस्ती : माझा अनुभव

आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. अशा घरात राहून वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी समुद्रावरील तरंगत्या शहराचा विषय निवडला, तेव्हा काकांनी "आधी हिप्परग्याच्या तळ्यात तरंगून दाखव" एवढेच म्हणून वर्तमानपत्र पुन्हा उघडले. विषय मंजूर होण्यापासून तोंडी परीक्षेपर्यंतचे वर्ष कसे गेले, ते लिहून ठेवावेसे वाटले.

पहिला आराखडा सपशेल नामंजूर झाला. दक्षिण कोरियातील बुसान बंदरासाठी २०२२ मध्ये जाहीर झालेला, ६.३ हेक्टरवर १२,००० लोकांना सामावणारा आराखडा आणि मालदीवमधील २०० हेक्टरच्या खाजणातील २०,००० लोकांच्या शहराची चित्रे पाहून मी भारावून गेले होते आणि त्याच भरात अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवर, दहा हजार लोकांचे षटकोनी शहर रेखाटले होते. मार्गदर्शक सरांनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, "चित्र सुंदर आहे. संडासाचे पाणी कुठे जाते?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढचे तीन आठवडे मी तीच चित्रे नव्याने पाहिली. बुसानचे शहर बंदराच्या आडोशाला आहे, मालदीवचे प्रवाळाच्या कड्याआड आहे आणि जपानने टोकियोच्या उपसागरात प्रयोगासाठी बांधलेली एक किलोमीटर लांबीची तरंगती धावपट्टीही उपसागरातच होती. खुल्या समुद्रात यांपैकी एकही नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात नांगर तुटून भरकटलेला आणि अखेर बुडालेला पी-३०५ हा तराफा, त्यावरील कामगारांसह, आपण सर्वांनी बातम्यांत पाहिला होता, तरी आराखडा काढताना मला तो आठवला नव्हता. समुद्राची पातळी वाढणे ही तरंगत्या वस्तीसाठी तशी सोपी गोष्ट आहे, कारण पाणी चढेल तशी वस्तीही चढते. खरे भय लाटेचे आणि नांगराचे असते.

म्हणून मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीच्या मुखाआतली जागा घेतली आणि दहा हजारांवरून तीनशे माणसांवर आले. दोन हेक्टरवर तीनशे रहिवासी हे माप २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या एका संकल्पनेतील सर्वांत लहान घटकाचे आहे. नांगराऐवजी ॲमस्टरडॅमच्या तरंगत्या घरांप्रमाणे पोलादी खांब घेतले, म्हणजे वस्ती जागची हलत नाही आणि खांबांभोवतीच्या कड्यांतून वर-खाली सरकत राहते. खांबांची उंची ठरवताना भरती-ओहोटीतील दोन-तीन मीटरचा फरक, वादळात फुगणारे पाणी आणि उत्सर्जन बेसुमार राहिल्यास २१०० पर्यंत समुद्राच्या पातळीत ०.६३ ते १.०१ मीटर वाढीचा आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा) अंदाज, अशी बेरीज केली.

खरी अडचण पिण्याच्या पाण्यात निघाली. माणशी १०० लिटर धरले, तर तीनशे माणसांना रोज ३० घनमीटर पाणी लागते. कोकणात पाऊस उदंड आहे, पण तो चार महिन्यांचा. उरलेल्या २४० दिवसांसाठी ७,२०० घनमीटर, म्हणजे तितकेच टन पाणी साठवावे लागेल. समुद्राच्या पाण्यात एक चौरस मीटरचा तराफा एक सेंटिमीटर खाली दाबायला साधारण सव्वादहा किलो वजन पुरते. त्या हिशेबाने साठा भरला की माझी वस्ती ३५ सेंटिमीटर खाली बसत होती, आणि पाण्यावर राहणारा तिचा काठ होता अवघा एक मीटर! समुद्राचे पाणी गोडे करायचे तर घनमीटरला तीन-चार युनिट वीज जाते. ते यंत्र मी आराखड्यात ठेवले, पण अडीनडीपुरते.

उत्तर घरच्या टबात सापडले. पाणी यायच्या दिवशी मी आईच्या कपड्यांच्या टबात चाळीस लिटर पाणी घेऊन त्यात १ किलो ४०० ग्रॅम मीठ विरघळवले, कारण समुद्रात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. थर्मोकोलच्या तराफ्यावर पाण्याच्या वाट्या ठेवल्या की तो दबत होता, आणि वाट्या अर्ध्या असल्या तर आतले पाणी एका बाजूला धावून तो कलतही होता. मग दुधाची धुतलेली पिशवी नळाच्या पाण्याने हवा न ठेवता भरली, तोंड रबराने आवळले आणि खाऱ्या पाण्यात सोडली. ती तळाशी गेली नाही. पाठ जेमतेम वर ठेवून तरंगत राहिली. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असते हे शाळेत शिकलेले होते, पण साठा वस्तीच्या पोटाखाली समुद्रातच ठेवला तर त्याचा भार वस्तीवर येणारच नाही, हे तेव्हा कळले. आईचे लक्ष मात्र दुसरीकडे होते : "अगं, हे पाणी आता तुळशीलासुद्धा घालता येणार नाही."

परवानगीचा भाग थोडक्यात सांगते. किनारा नियमन क्षेत्राचे नियम खाडीलाही लागू होतात. खुल्या समुद्रात स्वतंत्र शहर थाटण्याच्या कल्पनेत मला रस उरला नव्हता, कारण १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार कृत्रिम बेटाला स्वतःची सागरी हद्दच मिळत नाही. जागा पाहायला गेले तेव्हा मच्छीमारांनी विचारले, की जून-जुलैच्या बंदीत आमच्या बोटी कुठे लावायच्या. त्यानंतर वस्ती मी खाडीच्या दुसऱ्या अंगाला सरकवली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, की पिशवी फाटून खारे पाणी आत शिरले तर काय. मी साठा सहाशे घनमीटरच्या बारा पिशव्यांत विभागला होता आणि प्रत्येकीला क्षारमापक होता. हे कसे सुचले, असे त्यांनी विचारल्यावर खरे ते सांगितले : आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, आणि नळाला गढूळ पाणी आले तर ते एकीतच राहावे म्हणून वडिलांनी त्या जोडलेल्या नाहीत.

प्रबंध मंजूर झाला, पण रोजच्या २४,००० लिटर सांडपाण्याचा नकाशा आठ दिवसांत सुधारून द्यावा लागला. प्रक्रिया केलेले पाणी पुन्हा संडासांकडे वळवले आणि गाळ होडीने किनाऱ्यावर नेण्याची सोय दाखवली. आईने टब परत घेतला, आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी दोनदा विसळून मगच भरला.