तुम्ही विचारलंत म्हणून: माझी भीती का जात नाही

"तुम्ही भीतीवरच काम करता ना? मग स्वतःची भीती का नाही घालवत?"

हा प्रश्न मला निदान तीन सुरांत विचारला जातो. विद्यार्थ्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. नातेवाइकांच्या प्रश्नात 'एवढं शिकून उपयोग काय' हे दडलेलं असतं. धाकटा भाऊ विचारतो तेव्हा चक्क हसत असतो. "ताई, उंदरांना शिकवतेस आणि स्वतः नापास?" त्याचं हसणं जास्त लागतं, कारण ही भीती मला त्याच्या उशाशी बसून लागली आणि त्याला स्वतःला तिचा मागमूस नाही.

भीती कसली, तर एका बीपची. तीन, मग दोन, मग पुन्हा तीन, दोन. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी असलेल्या यंत्राचा असतो तो. मायक्रोवेव्हचा बीप मला चालतो. रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा बहुतेक वेळा चालतो.

उंदरांना भीती शिकवायचा आमचा प्रयोग काय असतो ते आता माझ्याभोवतीच्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. स्वर वाजतो, स्वर संपता संपता पायाखालच्या सळ्यांतून शॉक लागतो (शोधनिबंधात आम्ही त्याला 'सौम्य' म्हणतो, उंदराला विचारलेलं नाही). असं मोजक्या वेळा झालं की दुसऱ्या दिवशी नुसत्या स्वरावर उंदीर थिजतो. मिशासुद्धा हलत नाहीत, फक्त बरगड्या वरखाली होतात. मी स्टॉपवॉच घेऊन हे सेकंद मोजण्यात वर्षं घालवली आहेत. आवाज थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या टप्प्यातून अमिग्डालाच्या, म्हणजे मेंदूतल्या बदामाएवढ्या एका गाठीच्या, बाजूच्या भागात येतो, शॉकची खबरही तिथेच येते, दोन्ही एकदम आल्या की तिथले जोड घट्ट होतात. पुढे नुसत्या आवाजावर अमिग्डालाचा मधला भाग खाली हुकूम सोडतो: अंग थिजव, रक्तदाब चढव. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी 1980च्या दशकात दाखवलं की आवाज नीट उमजून घेणारा कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) भाग काढून टाकला तरी उंदीर स्वराला घाबरायला शिकतो, थॅलॅमसमधला टप्पा निकामी केला तर मात्र शिकत नाही. म्हणजे 'हे काय वाजतंय' हे नीट कळण्याआधीच भीतीला वाट मिळते. मला हे सगळं माहीत आहे आणि या माहितीचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

भाऊ नऊ दिवस अतिदक्षता विभागात होता. पहिल्या चार दिवसांत तो बीप शंभरदा तरी वाजला असेल. बोटावरची क्लिप निसटली की वाजायचा. सिस्टर यायच्या, क्लिप बसवायच्या, "काही नाही हो" म्हणून जायच्या. पाचव्या रात्री तो वाजला आणि कोणी "काही नाही" म्हणालं नाही. धावणारी पावलं, ओढलेला पडदा, माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात आणि मी दाराबाहेर. वीस मिनिटांनी कळलं की तो सावरलाय. बस, एवढंच. एकदाच.

पुस्तकाप्रमाणे मी हे इतकं पक्कं शिकायला नको होतं. जो आवाज आधी पुष्कळदा निरुपद्रवी म्हणून ऐकलाय, तो नंतर धोक्याशी जोडायला प्राण्यांना जड जातं. 1959 पासून माहीत असलेली गोष्ट आहे ही, मी ती शिकवते. माझ्या बाबतीत चार दिवसांचे "काही नाही" एका रात्रीत पाण्यात गेले. भावाला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही. त्याला गुंगीत ठेवलं होतं आणि ती औषधं नवी आठवण धरूच देत नाहीत. यंत्र त्याला जोडलं होतं आणि शिकले मी.

आता ज्या दिवसाबद्दल मी सहसा बोलत नाही, तो.

वर्षभराने मी रीतसर उपचार घेतले: तोच आवाज धोका नसताना पुन्हा पुन्हा ऐकून भीती विझवायची. बंद खोली, आरामखुर्ची, हेडफोन, ध्वनिमुद्रित बीप. पहिल्या बैठकीत मी हेडफोन काढून फेकला. आठव्या बैठकीत बीप वाजत होता, नाडी जागच्या जागी होती आणि मी खिडकीच्या काचेवरची धूळ बघत होते. मला गर्व झाला. वर्गात मी स्वतःचंच उदाहरण दिलं, "बघा, चालतं हे." मुलांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी थांबवलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी एका मैत्रिणीच्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी सोबत गेले. दुसरंच रुग्णालय, दुसरा मजला, भिंतींचा रंगसुद्धा वेगळा. ती शुद्धीवर आली होती, गप्पा मारत होती, पाणी हवं म्हणाली. मी बाटलीचं झाकण काढलं, पेला धरला आणि शेजारच्या पडद्यामागे वाजला. तीन, मग दोन.

पुढचं मी मैत्रिणीच्या तोंडून ऐकलेलं आहे. मी ओतत राहिले. पेला भरला, वाहिला, माझ्या मनगटावरून, मग चपलेत. तिने दोनदा हाक मारली. मी बघत होते म्हणे, पण तिच्याकडे नाही. बाटली रिकामी झाली तरी हात तसाच तिरका. किती वेळ, तर ती म्हणते अर्धा मिनिट. मला आठवतो तो फक्त ओला मोजा आणि एक अत्यंत लाजिरवाणा विचार: आत्ता कुणीतरी स्टॉपवॉच धरून माझे सेकंद मोजायला हवे होते.

तिथेच खुर्चीत बसून मला रडू आलं. भीतीचं नव्हतं ते. राग होता. कारण पुढे काय होतं याचा आलेख मी फळ्यावर कित्येकदा काढलेला आहे. उंदराची भीती एका पिंजऱ्यात विझवा, दुसऱ्या पिंजऱ्यात नेऊन स्वर वाजवा, ती परत येते. विझवणं म्हणजे पुसणं नव्हे, जुन्या शिकवणीशेजारी 'आता धोका नाही' ही नवी शिकवण ठेवणं. विझलेली प्रतिक्रिया नुसता वेळ गेला तरी परतते हे तर पाव्हलॉवनेच कुत्र्यांत पाहिलं होतं. 2002 मध्ये मिलाड आणि क्वर्क या संशोधकांनी दाखवलं की ही नवी शिकवण आठवताना उंदराच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाच्या, एका छोट्या पट्ट्यातल्या पेशी पेटतात. ब्रेक म्हणा हवं तर. पण ब्रेक लावायचा की नाही हे ठरताना हिप्पोकॅम्पस हा जागांची आठवण ठेवणारा मेंदूचा भाग जागा कुठली ते विचारतो. माझा ब्रेक त्या आरामखुर्चीच्या खोलीत शिकला होता आणि तिथेच राहिला. हे मला आधी सुचायला नको होतं? उपचार करणाऱ्यांनी तर सांगितलंही होतं, "वेगवेगळ्या जागी करू या." मीच म्हणाले, गरज नाही.

तेव्हाची मी आणि आत्ताची मी यांचं भांडण अजून चालू आहे. तेव्हाची मी व्याख्यानांत बदामाचं चित्र दाखवून अमिग्डालाला 'भीतीचं केंद्र' म्हणायची, जणू बटण आहे. 2013 मध्ये एक अभ्यास आला. ज्या बाईचे दोन्ही अमिग्डाला आजाराने नष्ट झाले होते आणि जी सापांना, भुताच्या घराला भ्यायली नव्हती, तिला 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तर ती भयाने घाबरीघुबरी झाली. लेडू स्वतःही आता म्हणतात की या मंडलाला भीतीचं म्हणू नका, धोक्यापासून बचावाचं म्हणा. भीती वाटणं ही वेगळी गोष्ट. माझा हात थिजला तेव्हा मला भीती 'वाटत' होती का? खरंच सांगता येत नाही. मला काहीच वाटत नव्हतं.

आणि हो, "मग पुसूनच टाका ना" हेही विचारलं जातं. 2000 मध्ये नादेर, शेफ आणि लेडू यांनी उंदरांना स्वर ऐकवून आठवण जागी केली, लगेच अमिग्डालात प्रथिनं बनणं रोखणारं औषध सोडलं, तर पुढे भीती दिसली नाही. आठवलेली आठवण काही तास मऊ पडते, असा अर्थ. माणसांवर 2009 पासून प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं औषध वापरून असेच प्रयोग झाले. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी तेच करूनही जमलं नाही. मी डॉक्टरांकडे विचारणा केली होती. तारीखही ठरली होती. मी गेले नाही.

यावर लोक हळवे होतात. म्हणतात, भावाच्या त्या दिवसांची आठवण तुम्हाला जपायची असेल. छे. त्या प्रयोगांतसुद्धा काय घडलं हे लोकांना आठवतच होतं, दचकणं तेवढं कमी झालं. मला ही भीती अजिबात प्रिय नाही. मी गेले नाही कारण औषध चाललं नाही तर काय, हा विचार मला सहन होईना. उंदरांवरचं माझं निम्मं काम ते चालतं यावर उभं आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेत फसलेल्या प्रयोगावर मी शांतपणे टिप्पणी लिहू शकते, स्वतःच्या अंगावर फसलेल्या प्रयोगावर नाही. शास्त्रज्ञाला हे शोभत नाही, माहीत आहे. भाऊ म्हणतो मी भित्री आहे. त्याला मी सांगते की एका व्यक्तीच्या निकालावरून काही सिद्ध होत नाही. तो म्हणतो, मग जायला काय हरकत आहे? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक सांगते, विचारलंतच आहे तर. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या प्रयोगातला बीप बदलला. आता उंदरांना व्हाइट नॉइज ऐकवतो, टीव्हीवर चॅनल गेल्यावर यायचा तसा खरखराट. विद्यार्थिनीने कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, स्पीकर नीट चालत नाही. स्पीकर उत्तम आहे. निबंधात आवाजाचा प्रकार, त्याची तीव्रता, कालावधी, सगळं लिहिलं आहे. कारण कुणी विचारलं नाही.