उतारावर चढणारा काटा

जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डवर इतके काटे असतात, पण ड्रायव्हरचा जीव अडकलेला असतो तो पाण्याच्या तापमानाच्या काट्यात. डिझेलचा अंदाज टाकीत काडी बुडवूनही घेता येतो आणि वेगाचा काटा तर बहुतेक जुन्या गाड्यांतून केव्हाच निवृत्त झालेला असतो. पण इंजिनाच्या पोटातला ताप सांगणारा तेवढा एकच, म्हणून त्याने खोटे सांगायला सुरुवात केली की गाडीपेक्षा ड्रायव्हरच आधी तापतो. नव्या गाड्यांतून ही करमणूक गेली. त्यांतल्या अनेकांत इलेक्ट्रॉनिक्स काट्याला मुद्दाम मध्यावर धरून ठेवते आणि पाणी बरेच वर-खाली झाले तरी ते चालकाला कळू देत नाही. जुना काटा मात्र प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवर हलतो, आणि या चंचलपणामुळेच त्याच्याकडून काही शिकता येते, असे माझे मत आहे.

आमच्या घरचा ट्रक बेळगावची भाजी घेऊन रात्री गोव्याकडे निघतो. वाट जांबोटी, कणकुंबी आणि पुढे चोर्ला घाटाने खाली साखळीकडे. गाडी गरम होत असल्याची तक्रार चालकाने केली तेव्हा मला त्यात नवल वाटले नाही. जुने इंजिन, भरलेली गाडी आणि घाट म्हटल्यावर ते आलेच. नवल पुढच्या वाक्यात होते. ‘‘मालक, चढाला काटा वर असतोच, पण चोर्ल्याच्या उतारालाही तो खाली न येता चढतच राहतो हो,’’ असे मामा म्हणाले. (त्यांना सगळी गल्ली मामाच म्हणते.) उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय निघालेला असतो, डिझेल नावालाच जळते, पंप पाणी फिरवत असतो आणि समोरून घाटातला गार वारा रेडिएटरवर येत असतो. अशा वेळी तापलेले इंजिनही निवू लागते. उतारावर काटा चढत असेल, तर तो पाण्याची बातमी देत नसून दुसऱ्याच कशाची तरी देत आहे.

याचे कारण काट्याच्या रचनेत आहे. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याला कधी शिवतही नाही. इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) घरात पितळेचा एक छोटा सेन्सर आटे पाडून बसवलेला असतो; पाणी तापले की त्याचा विद्युतरोध कमी होतो, वायरमधून जास्त प्रवाह वाहतो आणि काटा चढतो. हा प्रवाह सेन्सरच्या आट्यांतून इंजिनाच्या लोखंडात, तिथून चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, आणि चासीतून बॅटरीच्या ऋण टोकाला परततो. म्हणजे काटा प्रत्यक्षात मोजतो तो प्रवाह, आणि त्या प्रवाहाच्या वाटेवर कुठेही गंज, रंग किंवा ढिला नट आला की त्याचीही भर त्या मोजमापात पडते.

तरीही संशय आधी इंजिनावरच घ्यावा, काट्यावर नंतर. मीटर बिघडले असे गृहीत धरून गाडी हाकली आणि ते खरेच सांगत होते असे निघाले, तर तापाने जळणाऱ्या हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) खर्च मीटरच्या कितीतरी पट होतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरमधले पाणी पाहावे, पंख्याचा पट्टा दाबून पाहावा आणि मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरावा. चकचकीत धातूवर हे यंत्र हमखास कमी दाखवते. तेवढ्या जागेवर काळी टेप चिकटवली की आकडा बराच विश्वासार्ह मिळतो. पाणी पाहण्याला आणखीही एक कारण आहे. पाणी इतके कमी झाले की सेन्सर उघडा पडला, तर तो पाण्याऐवजी वाफेचे किंवा हवेचे तापमान मोजतो, आणि इंजिन होरपळत असताना काटा चक्क खाली येतो. जास्त दाखवणाऱ्या काट्यापेक्षा कमी दाखवणाऱ्याची मला अधिक भीती वाटते ती यामुळेच.

आमच्या ट्रकमध्ये पाणी पुरेसे होते आणि इंजिनाचे तापमान ठीक होते. ऑटोनगरातल्या इलेक्ट्रिशियनने मग नेहमीची परीक्षा घेतली. सेन्सरची वायर काढली, काटा थंडीच्या टोकाला पडला; तीच वायर क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवली, काटा तापाच्या टोकाला धावला. यावरून मीटर आणि वायर दोन्ही शाबूत असल्याचे कळते. सेन्सर त्याने उकळत्या पाण्यात सोडून त्याचा रोध मल्टीमीटरने मोजला. या परीक्षेत आमच्या गावापुरती एक मेख आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्यामुळे इथे उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या दोन-अडीच अंश आधीच उकळते, तेव्हा सेन्सरच्या रोधाच्या कोष्टकातल्या १०० अंशांच्या आकड्याशी सेन्सरचे माप तंतोतंत जुळले नाही म्हणून तो फेकून देण्याचे कारण नसते. आमचाही सेन्सर चांगलाच निघाला. तो परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा मोह मात्र टाळावा लागतो, कारण सेन्सरचे अर्थिंग, म्हणजे प्रवाहाची परतीची वाट, त्या आट्यांतूनच होते.

उलगडा झाला तो शेजारच्या डिझेलच्या काट्यामुळे. जुन्या डॅशबोर्डच्या मागे बहुधा एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो आणि तो डिझेल व तापमान या दोन्ही मीटरना पुरवठा करतो. तो बिघडला, तर दोन्ही काटे एकदम भरकटतात. इथे गाडी चालू ठेवून हेडलाइट लावला की तापमानाचा काटा सरकत वर जायचा, वायपर लावला की आणखी थोडा. डिझेलचा काटा मात्र जागचा हलत नव्हता. डिझेलचे अर्थिंग टाकीवरून थेट चासीला जाते, तापमानाचे इंजिनावरून. तेव्हा दोष असणार तो इंजिन आणि चासी यांच्यामधल्या दुव्यात. वीज तयार करणारा अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असल्याने दिव्यांचा सगळा प्रवाह याच दुव्यातून त्याच्याकडे परततो. दुवा गंजला की तिथे व्होल्टेज अडते, इंजिनाचे लोखंड चासीच्या मानाने उणे होते आणि सेन्सरमधून फुकटचा जादा प्रवाह ओढला जातो. रात्रीची वाहतूक, कणकुंबीचा पाऊस, चालू वायपर असा सगळा भार घेऊन घाट उतरताना काटा का चढत होता, हे आता वेगळे सांगायला नको.

गाडीखाली हा दुवा, म्हणजे इंजिन आणि चासी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, सापडली तेव्हा तिचे एक टोक हिरवट पांढऱ्या भुकटीने माखलेले होते, निम्म्या तारा तुटून मिशांसारख्या बाहेर आल्या होत्या आणि दुसरे टोक कुण्या हौशी रंगाऱ्याने चासीबरोबरच रंगवून टाकलेले होते. इंजिन सुरू करणारा सेल्फ अलीकडे जड फिरत होता तोही यामुळेच. त्याचे खापर आजवर बॅटरीवर फुटत होते. रंग खरवडून, दोन्ही जागा लोखंड दिसेपर्यंत घासून नवी पट्टी आवळली. दिवे लावून इंजिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातला फरक मोजला, तर आधी अर्ध्या व्होल्टच्या वर असलेला आकडा नगण्य झाला होता.

मामांना हे सगळे पटले, पण अर्धेच. गाडी गरम होण्यावर थर्मोस्टॅटचा वॉल (झडप) काढून टाकणे हाच त्यांचा आणि इथल्या निम्म्या गॅरेजांचा जुना उपाय आहे. वॉल साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो आणि तोवर इंजिनाला लवकर तापू देतो. तो काढला, तर डिसेंबरच्या पहाटे जांबोटीपर्यंत इंजिन गारच राहते, डिझेल जास्त जाते, सिलिंडरचे लायनर झिजतात, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरत राहिल्यामुळे ती उलट जास्त तापतात. एवढे सगळे मी सांगितल्यावर मामा म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात बघू.’’ तूर्त मी रेडिएटरची जुनी कॅप बदलून घेतली आहे, कारण तिची रबराची कड चिरली होती आणि दाब न धरणाऱ्या कॅपखाली पाणी लवकर उकळते, याविषयी निदान आमच्या दोघांत वाद नाही.