नमनाचं रेकॉर्डिंग आणि फोनचं कुलूप

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत शिमग्याला नमन, म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य, उभं राहिलं की रात्री दहाला गण सुरू होतो आणि पहाटेपर्यंत मृदंग थांबत नाही. गेली सहा वर्षं मी ते सगळं फोनवर रेकॉर्ड करतो. आमचे मृदंगवाले आबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या काही गौळणी कुठल्याही वहीत नाहीत, फक्त त्यांना पाठ आहेत. त्यामुळे हे रेकॉर्डिंग माझ्यासाठी घरातल्या कागदपत्रांइतकंच मोलाचं आहे.

गेल्या जूनमध्ये पहिल्याच पावसात माझा फोन भिजला आणि बंद पडला. बॅकअप चालू होता म्हणून मी निर्धास्त होतो. भाच्याच्या फोनवर खातं उघडून पाहिलं, तर फोटो फेब्रुवारीपर्यंतचेच. मार्चमधला शिमगा नव्हताच. आमच्याकडे रेंज येते ती पडवीच्या एका कोपऱ्यात, आणि वीज गेली की टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो. मोठे व्हिडिओ वर चढता चढता तुटत राहिले आणि मला पत्ता लागला नाही. त्या वर्षी आबांनी एक जुनी गौळण बऱ्याच वर्षांनी म्हटली होती. ती गेली.

त्याच महिन्यात वाडीतल्या एका मुलावर वेगळंच संकट आलं. त्याने एका ॲपवरून आठ हजारांचं कर्ज घेतलं होतं. हप्ता दोन दिवस चुकला आणि त्याच्या फोनमधल्या यच्चयावत नंबरांवर धमक्या गेल्या, त्याच्या फोटोची विटंबना करून. माझ्या आईलाही तो मेसेज आला. कर्जाच्या ॲपने फोनमधली संपर्कयादी, फायली आणि फोटो यांना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच सांगितलं आहे. पण त्या ॲपने इन्स्टॉल होतानाच सगळ्या परवानग्या मागितल्या होत्या आणि पोराने गरजेपोटी 'हो, हो' म्हटलं होतं. आईचा नंबर त्याने दिला नव्हता, त्याच्या फोनने दिला. हे मला फार लागलं.

तेव्हा नवा फोन घेताना मी दोनच गोष्टी धरून बसलो. रेकॉर्डिंग इंटरनेटच्या भरवशावर न ठेवता माझ्याजवळ राहिलं पाहिजे, आणि फोनमधलं काय कुणाला दिसावं ते मी ठरवलं पाहिजे.

आधी हिशोब केला. साध्या फुल एचडीत माझा जुना फोन मिनिटाला सुमारे सव्वाशे एमबी खायचा. सहा तासांचं नमन म्हणजे ४५ जीबी. गुगलच्या खात्यावर फुकट जागा मिळते १५ जीबी, त्यातच मेलही आणि फोटोही. विकतची जागा घेतली तरी दोन एमबीपीएसचा वेग अखंड मिळाल्यास एका रात्रीचं नमन वर चढायला पन्नास तास लागतील, आणि आमच्याकडे अखंड काहीच मिळत नाही. १२८ जीबीच्या फोनमध्ये सिस्टीम आणि रोजचा पसारा वजा करता जेमतेम दोन रात्री बसतात. आसपासच्या वाड्या धरून मला चार रात्री लागतात. म्हणजे २५६च्या खाली बघायचंच नाही.

चिपळूणला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "दादा, जागेचं टेन्शन कशाला घेता? मेमरी कार्डाचा फोन घ्या आणि वर टाका एक टीबीचं कार्ड." त्याचं म्हणणं पटलं आणि मी जवळपास पैसे देणारच होतो. एवढ्यात भाचा म्हणाला, "काका, कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं तर काय होईल?"

तो प्रश्न महत्त्वाचा निघाला. आताच्या अँड्रॉइड फोनची आतली मेमरी एन्क्रिप्ट केलेली असते, म्हणजे तिच्यावर तुमच्या पिनचं कुलूप असतं. फोन चोरीला गेला तरी पिन नसताना आतलं सहजासहजी वाचता येत नाही. बाहेरून घातलेल्या कार्डावर मात्र सहसा असं कुलूप नसतं. नखाने कार्ड काढायचं, पन्नास रुपयांच्या रीडरमध्ये घालायचं, की सगळं उघडं. त्यात सातबाऱ्याचे, आधारचे फोटो असले तर तेही. काही फोनमध्ये कार्ड एन्क्रिप्ट करायची सोय आहे, पण मग ते कार्ड त्याच फोनवर उघडतं. फोन भिजून मेला की कार्ड हातात असूनही आतलं गेलं. माझं नुकसान ज्या प्रकारे झालं होतं, त्याच प्रकारे पुन्हा झालं असतं.

कार्डाबद्दल आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण आमच्याकडे यात बरेच जण फसतात. जत्रेत, रस्त्यावर चार-पाचशे रुपयांत मिळणारं 'एक टीबी'चं कार्ड बनावट असतं. आत असते थोडीशी जागा, फोनला दाखवतं मोठा आकडा, आणि खरी जागा संपली की पुढचं लिखाण मागच्यावर चढतं किंवा हवेत जातं. फाइलींची नावं दिसतात, आत काही नसतं. कार्ड कुठूनही घ्या, संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री हा फुकट प्रोग्राम चालवा. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि पुन्हा वाचून पाहतो. वेळ लागतो, पण खरं-खोटं कळतं. दुसरं म्हणजे, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, म्हणून लांब रेकॉर्डिंगचे तुकडे होतात. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीला ती अडचण नाही.

मग मी उलट्या बाजूने शोधायला लागलो. आधी कुलूप बघायचं, मग जागा. तिथे ग्राफीनओएस हे नाव समोर आलं. ही अँड्रॉइडवरच बांधलेली, पण गुगलच्या सेवा आधीपासून न घातलेली सिस्टीम आहे. मी फोन घेतला तेव्हा ती फक्त पिक्सेल फोनवर चालत होती. गुगलपासून लांब राहायला गुगलचाच फोन घ्यायचा, याचं मलाही आधी नवल वाटलं. कारण असं की, दुसरी सिस्टीम घातल्यावर बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू होताना आधी चालून सिस्टीम उघडणाऱ्या प्रोग्रामला, पुन्हा कुलूप लावायची सोय पिक्सेल देतो, सुरक्षेसाठी वेगळी चिप देतो, आणि आठव्या मालिकेपासून सात वर्षं अपडेट देतो. पिक्सेल ९ए भारतात २०२५ मध्ये २५६ जीबीतच आला, किंमत ४९,९९९ रुपये. कार्डाची जागा नाही. माझ्यासाठी ही रक्कम मोठीच होती. पण सात वर्षांत वाटून पाहिली तेव्हा हिंमत झाली. आंब्याचे पैसे हातात होते.

सेकंडहँड घेऊन वाचवायचा विचारही केला. एकाने आणून दाखवलेला फोन अमेरिकेहून आलेला होता. सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग'चं, म्हणजे बूटलोडर उघडू देणारं, बटण राखाडी होतं, दाबलंच जाईना. तिथल्या काही मोबाइल कंपन्या फोन असे कायमचे बंद करून विकतात. जुना पिक्सेल घेताना पैसे देण्याआधी ते एक बटण बघाच.

सिस्टीम घालायला भाच्याच्या खोलीवर चिपळूणला गेलो, कारण दीड-दोन जीबी उतरवायचं होतं. लॅपटॉपच्या ब्राउझरमधूनच सगळं होतं. केबल जोडायची, बूटलोडर उघडायचा, नवी सिस्टीम आत घ्यायची आणि शेवटी बूटलोडर परत बंद करायचा. उघडताना आणि बंद करताना दोन्ही वेळा फोन पूर्ण पुसला जातो, म्हणून हे कोऱ्या फोनवरच करावं. शेवटची कुलपाची पायरी सोडू नये. ती सोडली तर एवढी मेहनत फुकट आहे. चहा होईपर्यंत काम झालं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. माझ्या एका बँकेचं ॲप उघडलंच नाही; फोनवरची सिस्टीम कंपनीची मूळची आहे का, हे काही ॲप तपासतात. त्या बँकेचं काम आता मी ब्राउझरमधून करतो. यूपीआयची दोन ॲप घालून पाहिली, त्यातलं एक व्यवस्थित चालतं. ज्याचा रोजचा धंदा एखाद्या ठराविक बँक ॲपवर आहे त्याने आधी चौकशी करावी, नाहीतर साधा फोन घेऊन परवानग्या नीट आवळाव्यात. तेही कमी नाही.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते इथे आहे. एखादं ॲप संपर्क मागतं तेव्हा इथे 'कॉन्टॅक्ट स्कोप्स' लावता येतं. ॲपला वाटतं परवानगी मिळाली, पण यादी त्याला रिकामी दिसते, किंवा मी निवडलेले दोन नंबर दिसतात. फायलींचंही तसंच. कॅल्क्युलेटरसारख्या ॲपचं इंटरनेटच तोडता येतं. मी ते कर्जवाल्या मुलाला करून दाखवलं. त्याने माझा फोन हातात घेतला, ती रिकामी यादी बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढंच होतं?" मग आम्ही दोघांनी बसून त्याच्या साध्या फोनवरच्या परवानग्या एकेक करून काढल्या.

जागेचा प्रश्न फोनने एकट्याने सुटत नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेचं काय झालं ते आम्ही पाहिलं आहे, त्यामुळे एकाच ठिकाणी ठेवलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. एक टीबीच्या दोन एसएसडी, म्हणजे केबलने जोडायच्या साठवणीच्या ड्राइव्ह, घेतल्या. नमन झालं की दुसऱ्या दिवशी केबलने फोनमधून दोन्हींवर प्रत, एकेक फाइल उघडून खात्री, आणि मगच फोनमधून पुसायचं. एक ड्राइव्ह घरात, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. दुसरी पनवेलला बहिणीकडे.

या शिमग्याला सहाणेसमोर, म्हणजे पालखी बसते त्या जागेसमोर, फोन तिपाईवर लावला. नमनातलं सोंग संकासूर काळा झगा आणि उंच टोपी घालून नाचत आला तेव्हा पोरं ओरडत मागे सरकली आणि तिपाई हलली, तेवढं सोडलं तर चारही रात्री पूर्ण मिळाल्या. तिसऱ्या रात्री आबांना मी ती हरवलेली गौळण मुद्दाम म्हणायला सांगितली. दुसरं कडवं त्यांना आठवेना. त्यांनी मृदंगावर हात तसाच ठेवला, डोळे मिटले, वाडीतल्या एका आजीने बसल्या जागेवरून पहिला शब्द पुरवला आणि पुढचं सगळं आलं. तो शब्द पुरवणारा आजीचा आवाजही रेकॉर्डिंगमध्ये आहे.