बाबांची कॅसेट

बाबांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा त्यांच्या आठवणी एका वहीत आणायचं ठरवलं. फोटो जमले, आईने त्यांची पत्रं काढून दिली, माझ्या मुलाने आजोबांकडून शिकलेल्या बुद्धिबळाच्या चाली लिहिल्या. अडलं ते एका कॅसेटपाशी.

60 मिनिटांची कॅसेट. माझ्या लहानपणी बाबा घरात आमचे आवाज भरायचे, त्यातली ही एकच उरली होती. आवाज संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून घ्यायला एका स्टुडिओत दिली. 'चार दिवसांत देतो' म्हणाले आणि पाच आठवडे लावले. दोन्ही बाजू एकदा वाजवायच्या, म्हणजे तासाभराचं काम, पण दर फोनला 'उद्या'. शेवटी फाइल मिळाली ती इतकी 'स्वच्छ' केलेली, की बाबा पाण्याखालून बोलल्यासारखे वाटत होते. बोलायच्या आधी ते हलकेच खाकरायचे. ते खरखर समजून पुसून टाकलेलं. मागे कुणीतरी बोलत होतं, तेही गेलं. आई ऐकून म्हणाली, "हे त्यांच्यासारखं वाटत नाही गं." मूळ फाइल मागितली, तर ठेवलीच नव्हती! आजही ते आठवलं की संताप होतो. तुम्ही कुठे देणार असाल तर आधीच बजावून सांगा: काहीही साफ न केलेली वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) हवी, दर्जा 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. साफसफाई नंतर, आणि तीही प्रतीवर.

मग नणंदेकडचा जुना डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, आणला. फितीवरचा आवाज वाचणारा त्याचा भाग, म्हणजे हेड, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, तरी आवाज दबलेलाच. कॅसेट उजेडात धरली तेव्हा कळलं. फितीला मागून हेडवर दाबून धरणारी फेल्टची इवलीशी गादी असते, तिचा डिंक सुटून ती पडली होती. पाच आठवड्यांत त्यांनी एवढंही पाहिलं नव्हतं. आमची कॅसेट स्क्रूची होती, म्हणून उघडता आली. चार मिलिमीटरसुद्धा रुंद नसलेली ती फीत, रिळांसकट, दुसऱ्या कॅसेटच्या प्लॅस्टिकच्या कवचात घातली. श्वास रोखून. मग हेडचा कल बदलणारा, त्याच्या शेजारचा स्क्रू कणाकणाने फिरवला, आणि 'स', 'श' स्पष्ट ऐकू आले तिथे थांबले. (हो, सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही चौकोनी तुकडे तोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर सगळं पुसलं जाईल.)

बाबा खाकरले. "हं, बोल आता, लाल दिवा लागलाय." मी एक कविता म्हणतेय, मध्येच खोकतेय. मागून आईचा आवाज: "पुरे, झोपू दे तिला."

आईने हेडफोन काढला. "तुला ताप होता त्या दिवशी. म्हणून ते कामावर गेले नव्हते."

मला हे माहीतच नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर आता तेच लिहिलंय.