पेटीवाल्याच्या भिंतीवर फॅट्स

पेटी शिकायला मुलं येतात, त्यांना सोडायला पालक येतात, आणि कधी ना कधी भिंतीकडे बोट करून विचारतातच, "सर, हे कोण?" भिंतीवर गुरुजींची तसबीर आहे, शेजारी विठोबा, आणि तिसरा एक गोल चेहऱ्याचा काळा गृहस्थ, पियानोपाशी बसून आपल्याकडे बघून हसणारा. फॅट्स डॉमिनो, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : भजनाला साथ करणाऱ्याच्या घरात हा रॉक अँड रोलवाला कशाला? आजवर "आवडतो" एवढ्यावर वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून आता जरा बसून सांगतो.

माणूस अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. जन्म 1928 चा, आठ भावंडांत धाकटा. मेव्हण्याने पियानोच्या पट्ट्यांवर सुरांची नावं लिहून त्याला शिकवलं. तुमच्या लेकीच्या पेटीवर मी पहिल्या महिन्यात खडूने सा रे ग लिहिलं होतं ना, तसंच. डिसेंबर 1949 मध्ये त्याने 'द फॅट मॅन' रेकॉर्ड केलं, तेव्हा एल्विस प्रेस्ली चौदा वर्षांचा शाळकरी पोरगा होता. पुढे 1969 मध्ये लास व्हेगासला पत्रकार एल्विसला रॉक अँड रोलचा राजा म्हणायला लागले, तर त्याने तिथेच असलेल्या फॅट्सकडे बोट दाखवलं, खरा राजा तो म्हणून. तरी जग एल्विसलाच ओळखतं. 1955 मध्ये फॅट्सचं 'एंट दॅट अ शेम' आलं, आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली ती पॅट बून या गोऱ्या गायकाने केलेली नक्कल. ती नक्कल ऐकली की आमटीत मीठ राहून गेल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याचं. त्याचा उजवा हात ऐका. एका ठोक्यात तीन-तीन सूर, न थकता, गाणं संपेपर्यंत. चार ठोक्यांचे बारा. म्हणजे सहा मात्रांच्या दादऱ्याची दोन आवर्तनं एकामागोमाग! त्याचं 'ब्ल्यूबेरी हिल' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द एक कळला नव्हता, पण मांडीवर हात आपोआप धाधिना धातिना वाजवायला लागला होता. डावा हात खाली सावकाश चालत राहतो, दुपारच्या जेवणानंतर शतपावली घालावी तसा. घाई म्हणून नाही.

स्वभावही तसाच. त्याच्या पिढीतले बाकीचे पियानोवाले उभे राहायचे, स्टूल लाथाडायचे. हा बसून वाजवायचा. फार तर कार्यक्रमाच्या शेवटी पोटाने ढकलत पियानो रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा, ते बघून लोक खूश. दौऱ्यावर निघाला की भांडीकुंडी सोबत, हॉटेलच्या खोलीत स्वतः रांधायचा. बाहेरचं अन्न चालायचं नाही! 1998 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदक मिळायचं होतं, तर हा वॉशिंग्टनला गेलाच नाही. गाव सोडायचा कंटाळा. माझी आजी याच्याशी पाच मिनिटांत सोयरीक जुळवून आली असती.

गाव न सोडण्याच्या त्या हट्टापायी 2005 च्या कतरिना वादळात तो अडकला. बायको आजारी, म्हणून घरीच थांबले. बंधारे फुटले, वस्ती पाण्याखाली गेली, त्याचा पत्ता लागेना. मेलाच असं धरून कुणीतरी त्याच्या घरावर रंगाने श्रद्धांजली लिहून टाकली. प्रत्यक्षात बोटीतून त्याची सुटका झालेली होती, आणि लेकीने फोटोवरून बापाला ओळखलं. पांढरा स्टाइनवे पियानो मात्र चिखलात गेला. तो नंतर दुरुस्त करून संग्रहालयात ठेवलाय. स्वतःच्या दारावरचा मृत्युलेख वाचायला मिळालेले आणि त्यानंतर बारा वर्षं जगलेले कलावंत किती असतील?

ऑक्टोबर 2017 मध्ये तो खरंच गेला, 89 व्या वर्षी. आठवड्याभराने लोक ब्रास बँड घेऊन निघाले, त्याचीच गाणी म्हणत, त्याच्या जुन्या घरापर्यंत. त्या गावात माणसाला निरोप नाचत देतात. त्या संध्याकाळी आमची भजनाची तालीम होती. ती उरकल्यावर मी पेटीवर ते तीन-तीन सूर धरले. पण पेटीवाल्याचा डावा हात भात्याला बांधलेला, फॅट्सची ती शतपावली कुठून आणणार? तबलजीने काही विचारलं नाही. दोनदा मान हलवली आणि डग्ग्यावर माझा डावा हात वाजवायला लागला.