तुम्ही विचारलंत म्हणून: बिडी ओढणं पाप आहे का?

मिरजेत चर्चमधली रविवारची भक्ती सुटली की आवारात चहा असतो. कप हातात घेऊन कुणीतरी तरुण पोरगं माझ्या बाजूला सरकतं आणि हळूच विचारतं, "सलाम काका. बिडी-सिगारेट ओढणं पाप आहे का हो?" मलाच विचारतात, कारण मी बावीस वर्षं ओढली हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या पास्टरांना, विचारायची सोय नाही, ते संध्याकाळी घरी प्रार्थनेला येतील.

बायबलमध्ये तंबाखू नाही. असणार कुठून? झाड अमेरिकेतलं. 1492 नंतर युरोपला कळलं, मग पोर्तुगीजांबरोबर इकडं आलं. अकबराच्या दरबारातल्या असद बेगला ते विजापुरात दिसलं आणि 1604 च्या सुमारास त्यानं ते बादशहाला नेऊन दाखवलं. मिरज तेव्हा त्याच आदिलशाहीत. म्हणजे आग्र्याच्या आधी धूर आमच्या बाजूला निघाला होता. बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या पौलाला मात्र त्याची गंधवार्ताही नव्हती.

मग लोक पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 1 करिंथ 6:19 काढतात, शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर. वचन खरंच आहे. पण पौल तिथं वेश्यागमनाबद्दल लिहितोय, वरच्या चार ओळी वाचल्या की कळतं. तंबाखूला ते लावू नका असं मी म्हणत नाही. पण लावायचं तर शुगरची गोळी गिळून चहात तीन चमचे साखर घालणाऱ्या आमच्या वडिलांनाही लावा. (वडील म्हणजे मंडळीचे एल्डर, माझा बाप नव्हे.)

ख्रिस्ती लोकांचं यावर कधी एकमत नव्हतंच. मुक्तिफौज (साल्वेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथात शिपाई, म्हणजे सभासद, व्हायचं तर तंबाखू सोडावी लागते. उलट लंडनचे नावाजलेले उपदेशक स्पर्जन 1874 मध्ये सगळ्यांदेखत म्हणाले होते की मी सिगार ओढतो तीही देवाच्या गौरवासाठी. व्हॅटिकनमध्ये तर सिगारेटची विक्री थांबायला 2018 साल उजाडलं.

आणि माझ्या आजीचं काय करायचं? बिडी ओढणारा तिच्या लेखी वाया गेलेला. पण ती स्वतः दर शनिवारी तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची. घरभर ठसका, आम्ही पोरं खोकत अंगणात. मग ती चुरून पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायची. सकाळी तर्जनीनं मिश्री लावत उंबऱ्यावर बसायची, चूळ भरायची, बोट पदराला पुसायची आणि बायबल उघडायची. ते बायबल आता माझ्याकडं आहे. 23 व्या स्तोत्राच्या कडेला तिच्या बोटाचा काळपट ठसा आहे. पानं उलटताना अजून तिथं माझा हात थांबतो.

आमच्या सांगली-साताऱ्याकडं मिश्रीला बायका व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. तंबाखू तीच, निकोटिन तेच, तोंडाचा कॅन्सर तिनंही होतो. पण पाप ठरते ती पोरांची सिगारेट. कुसळ-मुसळाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये पाठ केली, तेवढीच.

माझ्यापुरतं सांगतो. मिशनरी डॉ. वॉनलेसनी 1894 मध्ये इथं दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्यातल्या बऱ्याच घरांची भाकरी दवाखान्यांवर चालली. मीही एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होतो. दिवसभर थुंकीच्या काचपट्ट्या बघायच्या आणि सुटलं की गेटाबाहेर टपरीवर बिडी शिलगवायची. धुरानं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं.

एका रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि उपदेश लांबला. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत यायला चार बाकं उरली होती आणि मी उठून बाहेर गेलो. नळामागं उभा राहून बिडी ओढली, पेरूचं पान चावलं. परत आलो तोवर ताट पुढं गेलं होतं. बायकोनं विचारलं, "कुठं गेला होता?" म्हटलं, पोट बिघडलंय. तिला दमा आहे, वास तिला लांबून येतो. काही बोलली नाही. रात्री मात्र थंडीतही खिडकी उघडी टाकून झोपली.

मला लागलेलं वचन 1 करिंथच्या त्याच सहाव्या अध्यायात, मंदिराच्या वचनाच्या सात ओळी आधी आहे. सगळ्याची मोकळीक असली तरी मी कशाच्याही अधीन होणार नाही, असं पौल म्हणतो. मी अधीन होतो. प्रभूच्या मेजावरून बिडीनं मला उठवलं होतं. त्यावर खोटं बोललो, आणि दम्याच्या बाईला इतकी वर्षं धूर खायला लावला. पाप म्हणाल तर माझं हे आहे. तंबाखूच्या पानाला मी दोष देत नाही, आणि ज्याला सुटत नाही त्यालाही पापी म्हणून हिणवत नाही. मला स्वतःला सुटायला चार खेपा लागल्या.

परवा विचारणाऱ्या पोराला एवढं सगळं सांगितलं. म्हणाला, "पण मग सोडायची कशी?" म्हटलं, सरकारचा फुकट नंबर आहे, 1800-11-2356, पाकिटावरच छापलेला असतो. काढ पाकीट, दाखवतो.

"माझ्याकडं कुठलं पाकीट, काका?"

मी चहा पीत राहिलो. कप संपत आला तसा त्यानं खिशात हात घातला.