पहिलं दीड वर्ष गुलामगिरी संपवणं हे उद्दिष्ट नव्हतंच

अमेरिकेतलं यादवी युद्ध लिंकनने गुलामांना सोडवायला केलं असं सरसकट म्हटलं जातं आणि मी दरवेळी तिथे अडखळतो. कारण ४ मार्च १८६१ ला अध्यक्ष म्हणून शपथ घेतली त्याच भाषणात हा माणूस स्वच्छ सांगतोय की ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावायचा माझा इरादा नाही आणि मला तसा अधिकारही नाही. जुलैत बुल रनच्या लढाईत उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूच्या, फौजेची दाणादाण उडाली आणि त्याच आठवड्यात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ठराव केला की हे युद्ध राज्यांच्या रूढ संस्था मोडायला नाही, फक्त संघराज्य टिकवायला आहे. रूढ संस्था म्हणजे कोणती ते सगळ्यांना ठाऊक होतं, नाव घ्यायची गरजच नव्हती.

दक्षिणेला, म्हणजे संघराज्यातून फुटून स्वतःचं वेगळं सरकार काढणाऱ्या राज्यांना, मात्र नाव घ्यायला अजिबात संकोच नव्हता. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी युद्धाची पहिली तोफ उडायच्या आधीच सवानामधल्या भाषणात सांगून टाकलं होतं की आमच्या नव्या सरकारचा पायाच मुळी काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या तत्त्वावर आहे. म्हणजे एक बाजू उघडपणे गुलामगिरी राखायला लढतेय आणि दुसरी बाजू तो विषयच नको म्हणत लढतेय, असं विचित्र चित्र होतं.

उत्तरेच्या या गप्प बसण्याला कारण होतं. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार राज्यं गुलाम बाळगणारी होती पण फुटली नव्हती. ऑगस्ट १८६१ मध्ये मिसुरीत उत्तरेच्याच जनरल फ्रेमाँटने बंडखोरांचे गुलाम मुक्त असा हुकूम परस्पर काढला तेव्हा लिंकनने तो फिरवला आणि एका मित्राला लिहिलं की केंटकी गेलं तर जवळजवळ सगळा डावच गेला. पुढच्या मे महिन्यात जनरल हंटरने तसंच केलं, तोही हुकूम रद्द. वॉशिंग्टनमधून बघितलं तर १८६२ च्या मध्यापर्यंत सगळं असं ब्रेक दाबून चाललेलं दिसतं.

पण वॉशिंग्टनमधून बघूच नये असं मला वाटतं. बघायचं ते व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या फोर्ट मन्रोमधून. हा किल्ला व्हर्जिनिया फुटलं तरी उत्तरेच्याच ताब्यात राहिला होता. मे १८६१ च्या शेवटी एका रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडी वल्हवत तिथे आले. त्यांच्या मालकाने, म्हणजे कर्नल चार्ल्स मॅलरीने, त्यांना समोरच्या किनाऱ्यावर दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चा बांधायच्या कामाला जुंपलं होतं. किल्ल्यात उत्तरेचा जनरल बेंजामिन बटलर नुकताच येऊन दाखल झालेला, सैन्यातला कच्चा पण वकिलीत मुरलेला माणूस. आणि हा काही गुलामगिरीचा कट्टर विरोधक वगैरे नव्हता बरं का, १८६० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात याने अध्यक्षपदासाठी ५७ वेळा मत दिलं होतं ते जेफर्सन डेव्हिसला, जो पुढे दक्षिणेचाच अध्यक्ष झाला!

लगेच पांढरं निशाण घेऊन मालकाच्या वतीने मेजर कॅरी हजर. म्हणाला, पळालेले गुलाम परत करायचा तुमच्याच देशाचा कायदा आहे, तो पाळणार की नाही? बटलर म्हणाला, तुम्हीच म्हणताय ना की व्हर्जिनिया आता परका देश आहे, मग परक्या देशाशी आमच्या घटनेचं काय देणंघेणं, कर्नलने इथे यावं, अमेरिकेशी एकनिष्ठेची शपथ घ्यावी आणि आपली माणसं घेऊन जावीत. आणि तुम्ही यांच्याकडून आमच्यावर रोखलेल्या तोफांचं काम करून घेताय तर ही शत्रूची युद्धसामग्री झाली, ती मी जप्त करतो. झालं, गुलाम म्हणजे मालमत्ता या मालकांच्याच लाडक्या कायद्याने मालकांना तोंडावर पाडलं.

बटलरने तिघांना मुक्त असं म्हटलं नाही हेही खरं, जप्त मालच म्हटलं, त्यामुळे मी त्याचं कौतुक जरा हात राखूनच करतो. पण बातमी फुटायची ती फुटलीच. दोन दिवसांत आणखी माणसं आली, मग बायका, पोरं, म्हातारे अशी अख्खी कुटुंबं येऊ लागली, आणि तिथे वकिलीची पंचाईत झाली, कारण तोफेचं काम करणारा गडी युद्धसामग्री म्हणून चालेल पण त्याचं कडेवरचं पोर कशात बसवायचं? बटलरने वरिष्ठांना हेच विचारलं की आईबापांचं काम मी घेतो आणि पोरांना नको म्हणू का? जुलैअखेर त्याच्याकडे ९०० माणसं झाली होती.

पुढे जिथे जिथे उत्तरेची फौज पोचली तिथे हेच. काँग्रेस आपली मागून कायदे करत राहिली, ऑगस्ट १८६१ चा जप्तीचा कायदा, मार्च १८६२ ला सैन्याने पळून आलेल्यांना परत पाठवायचं नाही हा नियम, एप्रिलमध्ये राजधानीतली गुलामगिरी बंद आणि तीही मालकांना भरपाई देऊन (मालकांना! राबणाऱ्यांना नाही), जुलैत जप्तीचा दुसरा आणि जास्त कडक कायदा. मला यातलं एकही पाऊल त्या पळून येणाऱ्यांशिवाय पडलं असतं असं वाटत नाही. शिवाय लष्करी हिशोब होताच, दक्षिणेचे गोरे आघाडीवर जाऊ शकत होते कारण मागे शेती, खंदक आणि रेल्वेची कामं गुलाम करत होते, त्यामुळे इकडे आलेला प्रत्येक माणूस म्हणजे तिकडचा एक वजा आणि इकडचा एक अधिक.

यातला मला सगळ्यात आवडणारा माणूस रॉबर्ट स्मॉल्स. चार्ल्स्टनच्या बंदरात दक्षिणेच्या प्लँटर नावाच्या बोटीवर तो सुकाणू धरायचा, अर्थात गुलाम म्हणूनच. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्याने बोट हाकारली, वाटेत बायकामुलांना घेतलं, कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर घातली आणि दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यासमोर नेहमीच्या खुणेची शिट्टी देऊन तोफांच्या टप्प्यातून आरामात बाहेर पडला आणि मग पांढरी चादर लावून बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. हा पुढे काँग्रेसमध्ये निवडूनही आला.

लिंकनने १८६२ च्या जुलैत त्या न फुटलेल्या चार राज्यांच्या प्रतिनिधींना शेवटचं विनवलं की पैसे घ्या आणि हळूहळू गुलाम सोडा, बहुतेकांनी नाही म्हटलं. २२ जुलैला त्याने मंत्र्यांपुढे बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त करणाऱ्या जाहीरनाम्याचा मसुदा ठेवला. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाला, एखादा विजय मिळू दे, नाहीतर लोकांना वाटेल हरता हरता मारलेली ही शेवटची किंकाळी आहे. म्हणून कागद टेबलाच्या खणात. गंमत बघा, एकही गुलाम न सोडता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन हे लिंकनचं प्रसिद्ध पत्र त्यानंतरच्या ऑगस्टमधलं आहे, म्हणजे मसुदा तयार होता आणि साहेब उत्तरेतल्या नाखूश लोकांची मनं तयार करत होते. १७ सप्टेंबरला अँटिटमच्या लढाईत एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, विजय म्हणावा तर जेमतेम, पण तेवढ्यावर पाच दिवसांत घोषणा झाली आणि १ जानेवारी १८६३ ला ती लागू.

त्या जाहीरनाम्याने ती चार राज्यं, टेनेसी आणि लुइझियाना-व्हर्जिनियाचे ताब्यात आलेले बरेच भाग वगळले होते, यावरून लोक आजही नाकं मुरडतात. मान्य. पण त्यातच काळ्या माणसांना सैन्यात घ्यायची तरतूद होती आणि मला मोठी गोष्ट ती वाटते. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जण भरती झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि यांना १०, त्यातून ३ कपड्यांचे कापून, हा भेदभाव जून १८६४ पर्यंत चालला, तरी लढले.

आणि यांच्यामुळेच परत फिरणं अशक्य झालं. ऑगस्ट १८६४ मध्ये उत्तरेचे सेनापती अडकलेले, ग्रँट पीटर्सबर्ग शहरापुढे आणि शर्मन अटलांटापुढे, निवडणूक तोंडावर, आणि पक्षातलेच लोक सांगतायत की गुलामगिरीची अट सोडा आणि तहाचं बोला. लिंकन एवढा निराश की आपण हरणार असं एका कागदावर लिहून त्याने तो न दाखवताच त्याच्या पाठीमागे मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. पण अट सोडली नाही, जे आपल्यासाठी लढले त्यांना परत गुलामीत ढकललं तर माझा कायमचा धिक्कार होईल आणि तो योग्यच असेल असं तो त्या महिन्यात बोलला. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं आणि निवडणूक फिरली. अध्यक्षाचा युद्धकाळातला हुकूम उद्या कोर्टात टिकेल का ही धास्ती होतीच, म्हणून मग गुलामगिरीच बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती, जी जून १८६४ मध्ये प्रतिनिधीगृहात पडली होती आणि ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ ने मंजूर झाली, दोन-तृतीयांशाच्या वर जेमतेम दोन मतं.

डिसेंबर १८६५ ला ती देशभर लागू होईपर्यंत केंटकी आणि डेलावेअरमध्ये, म्हणजे उत्तरेच्याच बाजूला राहिलेल्या राज्यांत, गुलामगिरी कायदेशीर होती. तेराव्या दुरुस्तीला डेलावेअरने मान्यता दिली १९०१ मध्ये आणि केंटकीने, ज्याच्यासाठी एवढी मनधरणी झाली होती, १९७६ मध्ये.